पित्तनलिकांचा दाह उंदरांत अभ्यासायचा असेल, तर मॉडेल कसे निवडावे?

पुण्यात पीएचडीच्या पहिल्या वर्षाला असलेल्या एका विद्यार्थिनीने विचारले आहे की, ‘प्रायमरी स्क्लेरोझिंग कोलॅन्जायटिस’, म्हणजे पीएससी, या पित्तनलिकांच्या आजारातील दाहावर तिला उंदरांत काम करायचे आहे, तर मॉडेल कोणते घ्यावे. मार्गदर्शकांचा कल पित्तनलिका शस्त्रक्रियेने बांधून टाकण्याकडे आहे, तिने वाचलेल्या शोधनिबंधांत मात्र बहुतेक ठिकाणी एमडीआर२ नॉकआउट, म्हणजे एमडीआर२ हे जनुक काढून टाकलेले, उंदीर दिसतात. प्राण्यांवरील कामासाठी हाताशी दीड वर्ष आहे, एका वनस्पतिजन्य संयुगामुळे दाह कमी होतो का हे पाहायचे आहे, आणि उंदीर किती लागतील व दाह मोजायचा कसा, हेही तिला हवे आहे.

मॉडेल कोणते, हा प्रश्न मी दुसरा समजते. पहिला प्रश्न असा, की प्रबंधाच्या शेवटी तुम्हाला नेमके कोणते विधान करायचे आहे. ‘या संयुगाने दाह कमी झाला’ हे वरवर एकच विधान दिसते, पण त्यात निदान तीन निरनिराळी विधाने असू शकतात. संयुगाने पित्ताचा विषारीपणा कमी केला आणि दाहाला कारणच उरले नाही, हे एक. इजा तेवढीच झाली, पण दुखावलेल्या अस्तराने प्रतिकारपेशींना बोलावणे कमी केले, हे दुसरे. पेशी आल्या, पण आल्यावर त्यांचे वागणे बदलले, हे तिसरे. पहिल्या प्रकारचे औषध उत्तम असू शकते, मात्र ते दाहविरोधी नाही, आणि तोंडी परीक्षेत बाहेरचे परीक्षक नेमके याच जागी बोट ठेवतात. दाह जिथून सुरू होतो ती जागा प्रत्येक मॉडेलमध्ये वेगळी असल्यामुळे विधान ठरले की निम्मी मॉडेले आपोआप गळून पडतात.

काही गोष्टी मात्र परिस्थितीवर अवलंबून आहेत आणि त्या मला तुमच्या प्रश्नातून कळत नाहीत. तुमच्या संस्थेच्या प्राणिगृहात जनुकीय बदल केलेले उंदीर ठेवण्याची सोय आहे का, शस्त्रक्रिया येणारी अनुभवी व्यक्ती शेजारी आहे का, पेशींचे प्रकार मोजणारा फ्लो सायटोमीटर स्वतःचा आहे की दुसऱ्या संस्थेत वेळ मागून जावे लागते, आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे तुमचे संयुग पाण्यात विरघळते की नाही, यांवर उत्तर बदलू शकते. पुण्यात एनसीसीएस आणि आयसर यांसारख्या संस्थांत उंदरांची चांगली प्राणिगृहे आहेत, आणि पहिल्या वर्षातच तिथल्या लोकांशी बोलून ठेवलेले बरे, कारण सहकार्याचा करार हा प्रयोगापेक्षा जास्त वेळ खातो.

आता आजाराकडे येऊ. पीएससीमध्ये यकृताच्या आतील आणि बाहेरील पित्तनलिकांभोवती दाह होतो, तंतुमय ऊतक साठते, नलिका जागोजागी आक्रसतात आणि शेवटी यकृत निकामी होते. बहुसंख्य रुग्णांना सोबत आतड्याचा दाहक आजार असतो, बहुतेक वेळा अल्सरेटिव्ह कोलायटिस, म्हणजे मोठ्या आतड्याचा दाह. जनुकीय अभ्यासांत सर्वांत ठळक संबंध एचएलए भागाशी, म्हणजे प्रतिकारशक्तीशी दिसतो. आजाराची वाटचाल निश्चितपणे थांबवणारे औषध अजून हाती नाही, यकृत प्रत्यारोपण हाच शेवटचा मार्ग आहे. म्हणजे माणसातल्या या आजारात आतडे, जिवाणू, प्रतिकारशक्ती, पित्त आणि नलिकेचे अस्तर असे पाच जण एकाच वेळी गुंतलेले आहेत. हे पाचही जण एकत्र दाखवणारा उंदीर अस्तित्वात नाही, त्यामुळे ‘पीएससीचे मॉडेल’ हा शब्दप्रयोग प्रबंधात जपून वापरावा. ‘स्क्लेरोझिंग कोलॅन्जायटिसचे मॉडेल’ असे म्हणणे अधिक प्रामाणिक ठरते.

उंदराच्या बाजूनेही काही मूलभूत फरक आहेत. उंदराचे यकृत म्युरिकोलिक आम्ले ही पित्ताम्ले तयार करते, जी माणसात जवळजवळ नसतात. ती पाण्याशी सलगी करणारी असल्यामुळे उंदराचे पित्त मुळातच सौम्य असते. हे काम करणारे सीवायपी२सी७० हे जनुक काढून टाकले, की उंदराचे पित्त माणसासारखे बनते आणि त्याच्या पित्तनलिकांना आपोआप इजा होऊ लागते, माद्यांत अधिक. पित्ताच्या रचनेवर दाह किती अवलंबून असतो, याचा याहून थेट पुरावा मला माहीत नाही. शिवाय माणसाच्या यकृतात विपुल असणाऱ्या एमएआयटी या टी पेशी प्रयोगशाळेतील उंदरांत फारच थोड्या असतात, आणि न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशींना बोलावणारे आयएल-८ हे प्रथिन उंदरांत नसतेच, त्याचे काम सीएक्ससीएल१ आणि सीएक्ससीएल२ करतात. आयएल-८ची किट मागवण्याआधी एवढे ध्यानात असू द्या. हा विनोद नाही, अशा मागण्या मी पाहिल्या आहेत.

पित्तनलिका बांधण्याचे मॉडेल, म्हणजे बीडीएल, याबद्दल तुमच्या मार्गदर्शकांचे म्हणणे मला समजते. उंदीर साधे, विकत मिळणारे, खर्च कमी, दोन ते तीन आठवड्यांत निकाल. पण यात तुम्ही मुख्य नलिकेचा प्रवाह एका झटक्यात पूर्ण बंद करता. दाब वाढतो, पित्त मागे तुंबते, पहिल्या काही दिवसांतच यकृताच्या ऊतकात पित्ताने मेलेल्या पेशींचे डाग, म्हणजे बाइल इन्फार्क्ट, दिसू लागतात आणि न्यूट्रोफिल तिथे धावतात. हा दाह खरा आहे, मात्र तो अडथळ्याचा दाह आहे: पित्तखड्याने किंवा गाठीने नलिका अचानक बंद झालेल्या रुग्णाच्या जवळचा, वर्षानुवर्षे हळूहळू कुरतडणाऱ्या पीएससीच्या जवळचा नाही. शिवाय शस्त्रक्रियेचा हात सारखा नसेल तर दोन उंदरांतील फरक औषधाच्या परिणामापेक्षा मोठा होतो. गाठ फार खाली बसली तर स्वादुपिंडाच्या नलिकाही अडकतात, आणि मग तुम्ही नकळत स्वादुपिंडाचा दाह मोजत बसता. उंदीर पिवळे पडतात, वजन उतरते, काही दगावतात, आणि दगावलेले उंदीर सर्वांत आजारी असल्यामुळे उरलेल्यांचे आकडे खोटे चांगले दिसतात. म्हणून तुमच्या प्रश्नासाठी मी बीडीएल मुख्य मॉडेल म्हणून घेणार नाही. कोणाला अडथळ्यानंतरचे तंतुमयीकरण अभ्यासायचे असेल, तर मात्र ते आजही उत्तम आहे.

डीडीसीचा आहार हा दुसरा पर्याय, आणि दीड वर्षाच्या मर्यादेत तुमच्यासाठी मी तोच पहिला सुचवेन. साध्या खाद्यात ०.१ टक्के डीडीसी मिसळतात. यकृतातील सायटोक्रोम पी४५० विकरांमध्ये या रसायनाचे रूपांतर होताना हीम या लोहयुक्त रेणूला इजा होते, त्यातून तयार होणारा घटक फेरोकिलाटेज हे विकर अडवतो आणि हीमचा कच्चा घटक असलेले पॉर्फिरिन साठू लागते. ते पित्तात उतरून लहान नलिकांत त्याचे तपकिरी खडे अडकतात. आठवड्याभरात नवीन लहान नलिकांची दाटी, म्हणजे डक्ट्युलर रिअ‍ॅक्शन, दिसू लागते, आणि चार ते आठ आठवड्यांत नलिकांभोवती दाह व तंतुमय ऊतक स्पष्ट होते. शस्त्रक्रिया नाही, जनुकीय बदल नाही, कोणत्याही वंशाचा उंदीर चालतो, आणि आहार थांबवला की बराचसा आजार ओसरतो, त्यामुळे बरे होण्याची प्रक्रियाही अभ्यासता येते.

मात्र या मॉडेलचे सापळे तुमच्या संयुगासाठी विशेष धोक्याचे आहेत, म्हणून इथे थोडे थांबते. वनस्पतिजन्य संयुगे पुष्कळदा सायटोक्रोम विकरांना अडवतात. तुमच्या संयुगाने तसे केले, तर डीडीसीपासून होणारी इजाच कमी होईल, पॉर्फिरिन कमी साठेल, दाहही कमी दिसेल आणि त्याचा दाहाशी सुतराम संबंध नसेल. दुसरा सापळा याहून साधा आहे. संयुग कडू असेल आणि ते याच खाद्यात मिसळले, तर उंदीर खाद्य कमी खातील, म्हणजे डीडीसीही कमी पोटात जाईल, आणि ‘उपचार’ गट छान बरा दिसेल. म्हणून संयुग गॅव्हाजने, म्हणजे नळीने थेट जठरात द्या, प्रत्येक पिंजऱ्यातील खाद्य रोज वजन करून नोंदवा, आणि यकृतातील पॉर्फिरिनची पातळी दोन्ही गटांत सारखी आहे हे मोजून दाखवा. पॉर्फिरिन सारखे आणि दाह कमी, असे मिळाले तरच तुमच्या दुसऱ्या किंवा तिसऱ्या विधानाला पाय फुटतात.

तिसरा सापळा सूक्ष्मदर्शकाखालचा. डीडीसी दिलेल्या उंदराचे यकृत कापताना हातातच गडद, जवळजवळ चॉकलेटी दिसते, आणि स्लाइडवर नलिकांच्या पोकळीत तपकिरी खडे बसलेले असतात. तुम्ही पित्तनलिकेच्या पेशींची खूण असलेल्या सीके-१९साठी नेहमीच्या डीएबीने इम्युनो रंग दिला, तर रंगही तपकिरी आणि खडेही तपकिरी. मग संगणकावर क्षेत्रफळ मोजताना सॉफ्टवेअर दोन्ही एकत्र मोजते आणि आकडा फुगतो. लाल रंग देणारे क्रोमोजेन वापरले की ही अडचण संपते. फ्लुओरेसन्सकडे पळ काढावा म्हटले तर तिथे पॉर्फिरिन स्वतःच लाल चमकते, जांभळ्या प्रकाशात तर फारच. फ्लो सायटोमेट्रीतही हेच होते, म्हणून डीडीसी दिलेल्या पण कोणताही अँटीबॉडी न लावलेल्या पेशींचा नमुना प्रत्येक वेळी सोबत चालवा आणि लाल पट्ट्यातील रंग महत्त्वाच्या खुणांसाठी ठेवू नका.

आता एमडीआर२. एमडीआर२ हे जनुक, ज्याला एबीसीबी४ असेही म्हणतात, यकृतपेशीतून फॉस्फोलिपिड हे स्निग्ध द्रव्य पित्तात सोडणारे प्रथिन तयार करते. नेदरलँड्समधील संशोधकांनी १९९३ साली हे जनुक नसलेला उंदीर वर्णिला. त्याच्या पित्तात फॉस्फोलिपिड जवळजवळ नसते. एरवी हेच फॉस्फोलिपिड पित्ताम्लांना आपल्यात गुंतवून ठेवते. ते नसल्यावर मोकळी पित्ताम्ले नलिकेच्या अस्तरावर थेट आघात करतात, पेशींमधील सांधे सैल होतात आणि पित्त नलिकेबाहेर झिरपते. ऑस्ट्रियातील ग्राझ येथील गटाने २००४ साली हा क्रम टप्प्याटप्प्याने दाखवला, आणि तेव्हापासून हे मॉडेल या क्षेत्राचे मुख्य काम करणारे घोडे बनले.

आठ आठवड्यांच्या एमडीआर२ नॉकआउट उंदराची एक पोर्टल ट्रॅक्ट, म्हणजे रक्तवाहिन्या आणि पित्तनलिका यांचा जुडगा, सिरियस रेडने रंगवून पाहा. मधोमध पित्तनलिका, तिच्याभोवती कोलाजेनची एकात एक बसलेली लाल वलये, ज्यांना विकृतिशास्त्रज्ञ कांद्याचे पापुद्रे म्हणतात. वलयांच्या बाहेर लिम्फोसाइट आणि न्यूट्रोफिलची गर्दी. आणि कडेला यकृतपेशींच्या ओळीत घुसू पाहणाऱ्या, पोकळी धड नसलेल्या लहान नलिका. माणसाची पीएससीची बायोप्सी शेजारी ठेवली तर साम्य खरोखर चकित करणारे असते. मात्र हे साम्य आकाराचे आहे, कारणाचे नाही. माणसात एमडीआर३ म्हणजे याच जनुकाचा दोष असेल तर लहान मुलांत पीएफआयसी-३ हा वेगळा आजार होतो. बहुसंख्य पीएससी रुग्णांत हा दोष नसतो. या उंदरांना आपोआप कोलायटिस होत नाही. दाहाची सुरुवात इथे रसायनाने होते, प्रतिकारशक्ती मागून येते.

तरीही प्रतिकारशक्तीचा आणि जिवाणूंचा वाटा इथे अभ्यासता येतो, कधीकधी अनपेक्षित दिशेने. जंतुविरहित वाढवलेल्या एमडीआर२ नॉकआउट उंदरांत आजार कमी होईल अशी कोणाचीही अपेक्षा असेल, पण २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या कामात तो अधिक तीव्र आढळला. दुसऱ्या बाजूला २०१९ मध्ये जपानमधील संशोधकांनी पीएससी रुग्णांच्या आतड्यातील जिवाणू जंतुविरहित उंदरांत सोडून दाखवले, की क्लेब्सिएला न्यूमोनी आतड्याचे अस्तर भेदतो आणि यकृतात टीएच१७ या दाहक टी पेशींचा प्रतिसाद उभा राहतो. म्हणजे काही जिवाणू राखणदार आणि काही घरफोडे. तुमच्यासाठी याचा व्यावहारिक अर्थ एवढाच, की नॉकआउट आणि साधे उंदीर वेगवेगळ्या पिंजऱ्यांत, त्याहून वाईट म्हणजे वेगवेगळ्या ठिकाणांहून आणून तुलना केली, तर तुम्ही जनुकाऐवजी जिवाणूंची तुलना करत असण्याची शक्यता आहे. एकाच वेतातील भावंडे वापरा.

इथे पैदाशीचे गणित आधीच मांडून ठेवा, कारण बहुतेक विद्यार्थ्यांचे वेळापत्रक याच जागी कोलमडते. दोन्ही पालकांत जनुकाची एकच बिघडलेली प्रत असेल, तर चार पिलांतील एक नॉकआउट, आणि त्यातही निम्मे नर. म्हणजे आठ पिलांच्या वेतातून सरासरी एक नॉकआउट नर. गर्भकाळ सुमारे तीन आठवडे आणि त्यानंतर आठ आठवड्यांचे वय, म्हणजे जोडी लावल्यापासून पहिला उंदीर टेबलावर यायला अडीच महिने लागतात. परदेशातून उंदीर आणायचे असतील तर परवानग्या, विमानप्रवास, विलगीकरण आणि जंतुतपासणी यांत किती महिने जातील ते मी सांगण्याच्या भरीस पडत नाही. पुण्यात किंवा मुंबईत कोणाकडे आधीच वसाहत असेल तर तिथूनच घ्या. उंदरांचा वंश मात्र विचारून घ्या: एफव्हीबी वंशात हा आजार ठळक होतो, सी५७ब्लॅक६ वंशात बराच सौम्य राहतो, आणि प्रतिकारशक्तीच्या अभ्यासासाठी उपलब्ध असलेले बहुतेक जनुकीय उंदीर नेमके या दुसऱ्या वंशात असतात. संकर करून मिश्र पार्श्वभूमीचे उंदीर वापरले की औषधाचा परिणाम आणि वंशाचा परिणाम वेगळा काढता येत नाही. या उंदरांना वर्ष-सव्वा वर्षात यकृतात गाठीही होतात. वयस्कर उंदरांवर दाहाचा अभ्यास करताना हे विसरू नये.

खऱ्या अर्थाने प्रतिकारशक्तीपासून सुरू होणारी मॉडेलेही आहेत. पित्तनलिकेच्या पेशीवर ओव्हल्ब्युमिन हे अंड्यातील प्रथिन दाखवणाऱ्या उंदरांत त्याला ओळखणाऱ्या सीडी८ टी पेशी सोडल्या, की थेट प्रतिकारजन्य कोलॅन्जायटिस होतो. तुमचे विधान तिसऱ्या प्रकारचे असेल तर हेच सर्वांत स्वच्छ, पण ते हाताळायला प्रतिकारशास्त्राची मुरलेली प्रयोगशाळा लागते. एनओडी.सी३सी४, टीजीएफ-बीटा ग्राहक बिघडवलेले उंदीर वगैरे मॉडेले पीबीसी, म्हणजे प्रायमरी बिलिअरी कोलॅन्जायटिस, या वेगळ्या आजाराची आहेत, ज्यात रुग्ण प्रामुख्याने स्त्रिया असतात आणि अँटिमायटोकाँड्रियल अँटीबॉडी मिळतात. नवजात बाल्ब/सी पिलांना रीसस रोटाव्हायरस देऊन केलेले मॉडेल बाळांच्या पित्तनलिका बुजवणाऱ्या बिलिअरी अ‍ॅट्रेशियाचे आहे. शोधनिबंधांत ही सगळी ‘कोलॅन्जायटिस’ या एका शब्दाखाली सापडतात, म्हणून संदर्भ देताना कोणता उंदीर, कोणता आजार, हे तपासून घ्या.

अशी मॉडेले माणसाबद्दल कितपत खरे सांगतात, हे तुम्ही विचारले नाही, पण समितीत विचारले जाईल. नॉर-अर्सोडिऑक्सिकोलिक आम्ल हे संयुग पित्ताची रचना बदलते आणि अस्तराचे रक्षण करते. २००६ साली त्याने एमडीआर२ उंदीर सुधारले, आणि २०१७ च्या दुसऱ्या टप्प्यातील चाचणीत पीएससी रुग्णांची अल्कलाइन फॉस्फेटेज, म्हणजे पित्त तुंबले की रक्तात वाढणारे विकर, मात्रेनुसार उतरली. कर्क्युमिनची, म्हणजे आपल्या हळदीतील घटकाची, गोष्ट वेगळी. २०१० मध्ये त्याने एमडीआर२ उंदरांतील दाह आणि तंतुमयीकरण कमी केले, पण २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या छोट्या प्राथमिक चाचणीत पीएससी रुग्णांत अर्थपूर्ण सुधारणा दिसली नाही. तंतुमयीकरणातील एलओएक्सएल२ या विकराविरुद्धची अँटीबॉडीही उंदरांत चालली, आणि त्याच लक्ष्यावरचे सिमट्युझुमॅब पीएससी रुग्णांत निष्फळ ठरले. माझे मत असे, की एमडीआर२ उंदीर पित्ताच्या विषारीपणाबद्दल विश्वासाने बोलतो आणि त्यापुढच्या दाहाबद्दल जरा चाचरत. तीन उदाहरणांवरून नियम होत नाही हे मान्य आहे, परंतु तुमचे संयुगही वनस्पतिजन्य असल्यामुळे कर्क्युमिनचे उदाहरण तुमच्या प्रस्तावनेत यायलाच हवे. ते तुम्ही दिले नाही तर परीक्षक देतील.

म्हणून माझा सल्ला असा. पहिले वर्ष डीडीसीवर काम करा आणि त्याच काळात एमडीआर२ची वसाहत कोणाच्या तरी सहकार्याने उभी करा. डीडीसीत जे दिसेल त्यातील एकच मुख्य निष्कर्ष एमडीआर२मध्ये पडताळा. दोन्ही मॉडेलांत इजेचे मूळ वेगळे आहे, एकात पॉर्फिरिन आणि दुसऱ्यात मोकळी पित्ताम्ले, त्यामुळे दोन्हीकडे दाह सारखाच उतरला तर संयुग इजेवर नव्हे, तर इजेनंतरच्या समान टप्प्यावर काम करत असावे, असे म्हणायला जागा मिळते. एमडीआर२मध्ये मात्र पित्ताचा प्रवाह आणि पित्ताम्लांची पातळी मोजायलाच हवी, नाहीतर पहिल्या विधानापासून सुटका नाही. औषध पहिल्या दिवसापासून देऊ नका. डीडीसी सुरू करून दोन आठवडे जाऊ द्या, मग संयुग सुरू करा आणि आहार चालू ठेवा. रुग्ण आजार झाल्यावर येतो, आधी नाही. आहार थांबवून संयुग द्यायचे असेल तर संयुगाविना आपोआप बरे होणाऱ्यांचा गट हवाच.

दाह मोजण्याबाबत एक गोष्ट ठासून सांगते. संपूर्ण यकृताचा तुकडा कुटून त्यातून टीएनएफ आणि आयएल-६ या दाहाच्या प्रथिनांच्या जनुकांची क्रियाशीलता क्यूपीसीआरने मोजणे म्हणजे दाह मोजणे नव्हे. पित्तनलिकेच्या पेशी यकृतात मूठभर असतात, त्यांचा आवाज यकृतपेशींच्या गोंगाटात हरवतो. कोलॅजेनेजने यकृत पचवल्यावर नलिकांचे झाड बऱ्यापैकी अखंड वेगळे काढता येते. त्यातून सीसीएल२, सीएक्ससीएल१, व्हीकॅम-१ ही पेशींना बोलावणारी आणि धरून ठेवणारी प्रथिने मोजली तर ‘अस्तराने बोलावणे कमी केले का’ या प्रश्नाला सरळ उत्तर मिळते. प्रतिकारपेशींसाठी फ्लो सायटोमेट्री करा, पण आधी यकृत क्षारद्रावणाने धुऊन घ्या. पोर्टल शिरेतून द्रावण जाऊ लागले की यकृताच्या पाळ्या, म्हणजे खंड, एकेक करून फिक्या पडतात. एखादी पाळी लाल राहिली तर ती घेऊ नका, कारण तिथले न्यूट्रोफिल ऊतकातले की रक्तातले हे नंतर कोणालाही सांगता येणार नाही. अर्थात डीडीसीचे यकृत पॉर्फिरिनमुळे मूळचेच गडद असते, तिथे पूर्ण फिकेपणाची वाट न पाहता बाहेर येणारे द्रावण स्वच्छ झाले का ते बघायचे. एलवाय६जी, एलवाय६सी, एफ४/८०, सीडी३, सीडी८ एवढ्या खुणांनी सुरुवात पुरते. यकृतातच राहणाऱ्या कुप्फर पेशी आणि रक्तातून नव्याने आलेल्या मॅक्रोफेज वेगळ्या ओळखायच्या असतील तर सीएलईसी४एफ जोडा.

रक्तातील अल्कलाइन फॉस्फेटेज पाहा, पण कोवळ्या वयाच्या उंदरात ती हाडांतूनही येते, म्हणून समवयस्क नियंत्रण गटाशिवाय तिला अर्थ नाही. पित्ताम्लांची निर्मिती दिवसाच्या वेळेनुसार बदलते, त्यामुळे सगळे उंदीर एकाच वेळेच्या टप्प्यात घ्या आणि गट आलटूनपालटून घ्या. सकाळी नियंत्रण गट आणि दुपारी उपचार गट, असे कधीही नाही. दर वेळी यकृताची तीच पाळी ऊतकपरीक्षणासाठी ठेवा. स्लाइड वाचणाऱ्याला गट माहीत नसावा, आणि शक्य असेल तर माणसांच्या यकृताच्या बायोप्सी रोज पाहणारा विकृतिशास्त्रज्ञ गाठा. पुण्यातील मोठ्या रुग्णालयांत असे लोक आहेत, आणि चहाच्या वेळी स्लाइडचा ट्रे घेऊन गेलात तर बहुधा नाही म्हणत नाहीत.

उंदरांच्या संख्येचे उत्तर पॉवर गणनेतून, म्हणजे अपेक्षित फरक पकडायला किती नमुने लागतील या सांख्यिकी हिशेबातून, यायला हवे, माझ्याकडून नव्हे. पण अंदाज हवा असेल तर डीडीसीसाठी साधा आहार, साधा आहार आणि संयुग, डीडीसी, डीडीसी आणि संयुग असे चार गट, प्रत्येकात आठ ते दहा, अशी सुरुवात बहुधा समर्थनीय ठरते. दुसरा गट वाचवण्याचा मोह अनेकांना होतो. तो वाचवू नका, कारण संयुग स्वतः यकृताला त्रास देते का हे फक्त तिथेच कळते. नर आणि मादी दोन्ही घेणार असाल तर गणना तशी करा. एका पिंजऱ्यातील उंदीर एकमेकांची विष्ठा खातात, जिवाणू वाटून घेतात, म्हणून एका गटाचे सगळे उंदीर दोनच पिंजऱ्यांत कोंबले तर सांख्यिकीच्या दृष्टीने तुमच्याकडे जवळजवळ दोनच नमुने उरतात.

आयएईसीच्या, म्हणजे संस्थेच्या प्राणिप्रयोग नीती समितीच्या, अर्जात हे सारे आधीच लिहा: कोणत्या टप्प्याचे विधान, त्यासाठी हेच मॉडेल का, संख्या कशी काढली, आणि वजन किती टक्के उतरले की उंदराला वेदनारहित मरण द्यायचे. डीडीसीवर पहिल्या आठवड्यात वजन उतरतेच, त्यामुळे ही मर्यादा बीडीएलच्या जुन्या अर्जातून उचलून चिकटवू नका. प्राण्यांवरील प्रयोग कसे नोंदवावेत हे सांगणाऱ्या एआरआरआयव्हीई मार्गदर्शक तत्त्वांची २०२० ची आवृत्ती समोर ठेवून अर्ज भरला तर पुढे शोधनिबंध लिहिताना तोच मजकूर पद्धतींच्या भागात जवळजवळ जसाच्या तसा चालतो. अर्ज समितीपुढे जाण्याआधी संयुगाची विद्राव्यता, गॅव्हाजची मात्रा आणि सायटोक्रोम विकरांवरचा परिणाम यकृताच्या मायक्रोसोमवर, म्हणजे यकृतपेशींतून वेगळ्या काढलेल्या सायटोक्रोमयुक्त कणांवर, तपासून घ्या. त्यासाठी जिवंत उंदरांवर प्रयोग करावा लागत नाही, विकतचे मायक्रोसोम पुरतात, आणि विकरे अडत असल्याचे तिथेच दिसले, तर डीडीसीऐवजी एमडीआर२पासून सुरुवात करायची हे अर्जातच लिहिता येईल.